पार्किंगमध्ये शेकलेली हलगी

गेल्या गणपतीत आपल्या मंडळाच्या पोरांचा रॉक बँड स्टेजवर जायच्या आधी दोघं जण हॉलमागच्या पार्किंगमध्ये उकिडवे बसले होते. एकाच्या हातात हलगी, दुसऱ्याच्या हातात बायकोचा हेअर ड्रायर. आमच्या करमाळ्याला पाचट पेटवून हलगी शेकतात. कातडं ताणलं की आवाज टणटणीत होतो. इथं जाळ केला असता तर गणपतीआधी बंबच आला असता. मी टिचकी मारून पाहिली. अजून ढप्प. "काका, पाच मिनिटं," पोरगं म्हणालं.

रॉक आता ऐकतं कोण, असं आपल्यातलेच लोक विचारतात. बहुतेक करून तेच, ज्यांनी कॉलेजात असताना केस वाढवले होते. आजची पोरं रॅप जास्त ऐकतात, हे खरंच. पण चक बेरीचं १९५८ सालचं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलं, आणि ते आलं तेव्हा गाणाऱ्या माणसाच्या समाजाला त्याच्याच देशात कित्येक हॉटेलांची दारं बंद होती. हलगीचंही तसंच. गावात ती कुणी वाजवायची हे जातीनं ठरलेलं, आणि वाजवून झाल्यावर कुठं बसायचं हेही. आज इथं तिच्यावर नाचणाऱ्यांपैकी किती जणांच्या अंगणात वाजवणाऱ्याला बसायला सतरंजी मिळाली होती, हे मी विचारत नाही. आधी मलाच उत्तर द्यावं लागेल.

करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६ साली आला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं. आपली पोरं त्याच्या उलट्या वाटेनं आली: गिटार, ड्रम घरातलेच, हलगी मात्र सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून आणलेली.

त्या रात्री गिटार खरखरली, ड्रम तापले आणि मग डाव्या हातातल्या बारीक काडीनं हलगी अशी काही तडतडली, की पहिल्या रांगेतल्या आजी खुर्चीचा हात धरून उठल्या. एक सूर चुकला, गायकाचा माइक बंद पडला. कुणाला फिकीर नव्हती.

दुसऱ्या गाण्यापर्यंत हॉलच्या गारठ्यानं कातडं उतरलं. पोरगं हलगी बगलेत मारून पार्किंगकडे पळालं, आणि ते परत येईपर्यंत गिटारवाला एकच तुकडा घोळवत राहिला.