चेंजलॉग मोघम असेल तर अपडेटवर विश्वास ठेवायचा कशावर?

पॅकेजचं नवं व्हर्जन येतं आणि सोबत एवढीच ओळ: 'किरकोळ सुधारणा, काही बग दुरुस्त'. मग आपण काय बघतो? व्हर्जनचा आकडा. सिमँटिक व्हर्जनिंगचा नियम सोपा आहे. तीन आकड्यांपैकी पहिला बदलला तर जुना कोड मोडू शकतो, दुसरा बदलला तर नवी सोय आली, तिसरा बदलला तर फक्त दुरुस्ती. नोंद मोघम असली तरी आकडा खरं बोलेल, असा आपला भरवसा. हा भरवसा तपासणारे दोन पेपर आज वाचूया.

पहिला २०१४ चा, रामाकर्स, व्हान ड्युर्सन आणि व्हिसर यांचा. जावाच्या मेव्हन भांडारातली पॅकेजेस त्यांनी तपासली. साधारण एक तृतीयांश रिलीजमध्ये जुना कोड मोडणारा निदान एक बदल सापडला, आणि पहिला आकडा बदललाय की दुसरा, यानं फारसा फरक पडत नव्हता. दुसरा २०२२ चा, लीना ओचोआ आणि सहकाऱ्यांचा. प्रश्न तोच, पद्धत जास्त काटेकोर. उत्तर मात्र दिलासा देणारं: ८३.४ टक्के अपग्रेड नियम पाळतात, आणि मोडणाऱ्या बदलांचा फटका वापरकर्त्या प्रोजेक्टपैकी फक्त ७.९ टक्क्यांना बसतो.

दुसरा पेपर मला जास्त आवडतो, कारण 'काय बदललं?' एवढ्यावर न थांबता तो 'कोणाला लागलं?' हेही विचारतो. पण हा आकडा उचलून 'अपडेट सहसा सुरक्षितच असतात' असं म्हणणं मला पटत नाही. कारणं दोन.

एक, दोन्ही पेपर मोजतात ती बाहेरची चौकट: फंक्शन गायब झालं, त्याचे पॅरामीटर बदलले, वगैरे. फंक्शन जागेवर आहे पण उत्तर वेगळं देतंय, हे त्या मोजणीत येतच नाही. आर भाषेच्या ३.६.० मध्ये (२०१९) सॅम्पल या फंक्शनची निवडीची पद्धत बदलली. सीड तोच, कोड तोच, नमुना वेगळा. आरच्या टीमनं हे स्पष्ट लिहिलं आणि जुनी पद्धत परत कशी मिळवायची तेही दिलं. चांगली नोंद म्हणतात ती अशी. हीच गोष्ट 'किरकोळ सुधारणा'खाली दडली असती तर? एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त प्रबंधातल्या तक्त्यात दुसरे आकडे.

दोन, सरासरी. लोकलच्या नव्या वेळापत्रकात मोजक्याच गाड्या बदलल्यात, हे ऐकून गोडदेवहून भाईंदर स्टेशन गाठणाऱ्याला काय कळणार? त्याला त्याची गाडी हवी असते. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. सायकिट-लर्नमधल्या काउंटव्हेक्टरायझरची शब्द तोडायची मूळ सेटिंग काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. 'मराठी' दिलं तर हातात 'मर' येतं! इंग्रजीवर सगळं नीट चालतं, म्हणून कुठली टेस्ट लाल होत नाही. आता समजा, एखाद्या पॅकेजनं 'अदृश्य चिन्हांची सफाई सुधारली' एवढंच लिहिलं आणि शून्य-रुंदीचा जोडक काढून टाकला. त्या जोडकानं टाइप केलेल्या डोंगरातल्या 'दऱ्या' थेट समुद्राचा 'दर्या' होतील.

म्हणून नोंदीवर वाद घालत बसण्यापेक्षा आपली टेस्ट आपण लिहावी. आपल्याच डेटातली पन्नासेक वाक्यं निवडा: 'दऱ्या', 'ॲप', 'शस्त्रक्रिया' असे अवघड शब्द मुद्दाम घ्या. जुन्या व्हर्जनचं आउटपुट फाइलमध्ये ठेवा. वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये नवं व्हर्जन टाका, एका वेळी एकच पॅकेज बदला, सीड कायम ठेवा आणि दोन्ही आउटपुट ताडून बघा. दशांश अपूर्णांकांत किती फरक चालेल ते आधीच ठरवा. नंतर ठरवलं तर आपण आपल्याच सोयीनं ठरवतो.

याची मर्यादाही आहे. ही टेस्ट फरक दाखवते, कोण बरोबर ते सांगत नाही. कधीकधी जुनंच चुकीचं असतं आणि नव्यानं ते गुपचूप दुरुस्त केलेलं असतं. तो निवाडा आपल्यालाच करावा लागतो आणि लिहूनही ठेवावा लागतो. तिसरं प्रकरण जुन्या व्हर्जनवर आणि चौथं नव्यावर झालं असेल, तर 'हे आकडे जुळत का नाहीत?' असं विचारणारा परीक्षक पॅकेजच्या लेखकाकडे बघणार नाहीये, तुमच्याकडे बघणार आहे.