जेनेरिक पद्धती आणि आज्ञावलीतील पुनरुक्ती : एक विचार

संगणकाच्या आज्ञावलीत पुनरुक्ती हा दोष मानावा, याविषयी पाठ्यपुस्तककारांत बहुतेक एकमत आढळते. त्यावरील उपाय म्हणून जेनेरिक पद्धतीचा, म्हणजे ज्या मूल्यांवर क्रिया करावयाची त्यांचा प्रकार आधी न ठरविता लिहिलेल्या पद्धतीचा, पुरस्कार केला जातो. आणि लेखनाचे श्रम वाचतात हे तिचे मुख्य फल म्हणून सांगितले जाते. हे प्रतिपादन खोटे नव्हे. परंतु ते विषयाच्या काठावरच घोटाळते, असे आम्हांस वाटते.

जावा भाषेच्या मानक संग्रहातील द्विभाजन शोधाचे उदाहरण घ्यावे. क्रमाने लावलेल्या यादीचा मध्य काढावा, शोध्य मूल्य तेथील मूल्याशी ताडून पाहावे आणि उरलेल्या अर्ध्यात तीच क्रिया पुन्हा करावी, एवढीच ही रीत. मध्य काढताना दोन्ही टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनाने भागले जात असे. ही बेरीज २१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ३२ बिटांच्या पूर्णांकात मावत नाही आणि उत्तर ऋण येते. यादी शंभर कोटींहून मोठी असल्यावाचून हे घडत नसल्याने ही चूक सुमारे नऊ वर्षे तशीच राहिली. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी तिचे जाहीर विवेचन केले. दुरुस्ती एका ओळीची होती. पण बाइट, कॅरॅक्टर, शॉर्ट, इंट, लाँग, फ्लोट आणि डबल या सात मूळ प्रकारांसाठी तीच रीत सात वेळा स्वतंत्र लिहिलेली होती! २००४ साली जावात जेनेरिक पद्धती आल्या खऱ्या. तथापि त्या केवळ वस्तुरूप प्रकारांनाच लागू पडतात, म्हणून या सात प्रती पुढेही राहिल्या.

आता या सातही प्रती म्हणजे निव्वळ पुनरुक्ती काय? आमच्या मते नाही. पूर्णांकांच्या पाच प्रतींत प्रकाराच्या नावावाचून भेद नाही. फ्लोट आणि डबल यांत मात्र 'संख्या नव्हे' असे एक मूल्य असते, जे स्वतःशीही समान ठरत नाही. शिवाय धन शून्य व ऋण शून्य साध्या तुलनेत समान भासतात. त्यामुळे तेथे क्रम बिटांवरून ठरवावा लागतो. शोध एकच, क्रम भिन्न. जेनेरिक पद्धत हा क्रम बाहेरून मागून घेते, आणि आपण प्रकाराकडून नेमकी कशाची अपेक्षा करतो हे लेखकास उघड सांगावयास लावते. तिचे खरे मोल येथे आहे. सी प्लस प्लसच्या टेम्प्लेटांत ही अपेक्षा दीर्घकाळ अलिखितच राहिली; २०२० च्या मानकात ती लिहिण्याची सोय झाली.

पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकास हे नवे वाटणार नाही. यण्-संधीचे चार आदेश एका सूत्रात येतात. पण कोणाच्या जागी कोण, हे ठरविण्यास यथासंख्यतेची परिभाषा निराळी सांगावी लागते.

जेनेरिक पद्धतीने ती चूक टळली असती, असे मात्र कोणी समजू नये. त्याच संग्रहातील जेनेरिक प्रतीतही मध्य त्याच सदोष रीतीने काढलेला होता.