बारा मिलिमीटरचा षट्कोन

रिमोटवर धावणाऱ्या बग्गीचं कौतुक बहुतेक वेळा वरून सुरू होतं आणि वरच थांबतं. रंगवलेली बॉडी, मागचा उंच पंख, काटेरी टायर, उडी मारून उतरताना चारही शॉक एकदम दबतात तो क्षण. हे सगळं देखणं आहेच. पण बग्गीतली खरी कारागिरी मला चाकाच्या आड दिसते, रिम आणि आर्म (चाकाला चासीशी जोडणारी सस्पेन्शनची दांडी) यांच्यामधल्या दोन-तीन सेंटिमीटरच्या जागेत. तिथे एक नट असतो, एक षट्कोनी तुकडा, एक बारीक पिन, ॲक्सल, दोन बेअरिंग आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा हब. मोटरचा सगळा जोर याच जागेतून चाकात जातो आणि जमिनीचा सगळा मार याच जागेतून गाडीत येतो. जाणारं आणि येणारं दोन्ही एकाच चिंचोळ्या वाटेने, तेही चाक मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असताना. एक दशांश मापाच्या बग्गीचं टायर साधारण ८५ मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर ताशी ५० किलोमीटरला ते मिनिटाला तीन हजारांहून अधिक वेळा फिरतं. एवढ्या धावपळीत ज्या जोडाची आपल्याला आठवणही येत नाही, तो जोड उत्तम जमला आहे असं समजावं.

डहाणू आणि तलासरी हे शेजारचे तालुके या जोडाची दोन वेगळ्या प्रकारे परीक्षा घेतात. ओहोटीला डहाणूतल्या बोर्डीचा समुद्र इतका मागे सरतो की सुरूच्या बनापासून पाण्यापर्यंत घट्ट, ओलसर वाळूचं मोकळं मैदान तयार होतं. बग्गीला यापेक्षा चांगली जागा मागूनही मिळणार नाही. वेग भरपूर, धक्के कमी. पण वाळूचा बारीक कण आणि खारं पाणी बेअरिंगमध्ये शिरायला टपलेलेच असतात. महामार्ग ओलांडून तलासरीच्या आतल्या बाजूला, उधव्याकडे गेलं की सगळं उलटं होतं. कोरडा मुरूम, कापणी झालेली खाचरं, मध्ये उंच बांध आणि गवतात दडलेला दगड. इथे बेअरिंग त्यामानाने सुखात असतं, पण पुढचं चाक दगडावर आपटलं की तो हिसका थेट हबला बसतो. किनारा झिजवतो आणि डोंगर मोडतो. एकाच गाडीने दोन्हीकडे पळायचं, तर चाक आणि हब निवडताना दोन्हींचा विचार हवा.

वाळूशी या छंदाचं नातं जुनं आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या बग्ग्या आणल्या. फोक्सवॅगन बीटलच्या धर्तीवर बेतलेलं धातूचं सस्पेन्शन आणि रेडिओसाठी पाणी न शिरणारी बंद पेटी, अशी त्यांची रचना होती. इलेक्ट्रॉनिक भागांना वाळू-पाण्यापासून जपायचं हे तेव्हाच उमगलं होतं. अमेरिकेत १९८४ साली असोसिएटेड कंपनीची आरसी-१० आली. सोनेरी ॲल्युमिनियमच्या चासीची ही गाडी खेळणं म्हणून नव्हे, शर्यतीसाठीच आखली होती. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात झालेल्या, इलेक्ट्रिक ऑफ-रोड गाड्यांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत टू-व्हील ड्राइव्ह गटाचं विजेतेपद जे हॅल्सी यांनी याच गाडीवर मिळवलं. त्यानंतर मोटर बदलल्या, बॅटऱ्या बदलल्या, जोर कितीतरी पटींनी वाढला आणि त्या वाढीव जोराचा हिशेब चाकाच्या मुळाशी चुकता करावा लागला.

आता चाक उतरवून बाहेरून आत जाऊ.

पहिला नट. एक दशांशच्या गाडीला तो बहुधा एम-४ चा, आत नायलॉनची कडी बसवलेला. आटे त्या नायलॉनमध्ये रुततात आणि हादऱ्यांनी नट सुटत नाही. पुन्हा पुन्हा काढघाल केली की ती कडी मोकळी पडते. बोटाने नट शेवटपर्यंत फिरायला लागला, म्हणजे त्याचं काम संपलं. नवा घ्यावा, इतकी साधी गोष्ट आहे, पण शर्यतीच्या मध्यावर चाक निखळून एकटंच पुढे पळत जातं ते बहुतेकदा याच कारणाने.

नटामागे रिम आणि रिमच्या पोटात हेक्स, म्हणजे तो षट्कोनी तुकडा. समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर १२ मिलिमीटर, आणि एक अष्टमांशच्या मोठ्या बग्गीत १७. या तुकड्यापाशी मी नेहमी रेंगाळतो. गोल ॲक्सलवर चाक नुसतं आवळलं तर ते घसरेल. चौकोनी केलं तर जोर चारच कोपऱ्यांवर येईल. षट्कोन सहा बाजूंनी जोर वाटून घेतो, चाक सहापैकी कोणत्याही स्थितीत बसतं आणि अशी खाच प्लॅस्टिकच्या साच्यातून सहज निघते. हेक्सच्या मागच्या अंगाला एक चीर असते. ॲक्सलमधून आरपार गेलेली पिन त्या चिरेत बसते. पिन ॲक्सलचं फिरणं हेक्सला देते, हेक्स ते रिमला देतो, आणि नट या सगळ्यांना फक्त जागेवर ठेवतो. प्रत्येकाला एकच काम, आणि कोणी दुसऱ्याच्या कामात पडत नाही. रचनेचं सौंदर्य म्हणतात ते मला इथे हातात धरता येतं.

ब्रशलेस मोटर आणि लिपो बॅटरी बसवली की हा समतोल पहिल्यांदा इथेच ढळतो. किटमधल्या प्लॅस्टिकच्या हेक्सची चीर पिनेच्या माराने रुंदावते, कोपरे गोल होतात, आणि थ्रॉटल दिल्यावर चाक क्षणभर उशिरा फिरतं. कान तयार असेल तर टक् असा आवाजही येतो. यावर ॲल्युमिनियमचा पकड हेक्स हा चांगला उपाय आहे. त्याला एका बाजूला काप असतो, छोटा स्क्रू आवळला की तो ॲक्सलला घट्ट मिठी मारतो आणि पिनेचा खेळ थांबतो. त्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक जरूर लावावं. धातूत धातू असेल तिथेच, प्लॅस्टिकच्या आट्यांना नाही, कारण काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होतात.

मात्र हेक्स जुळला म्हणजे चाक जुळलं असं मुळीच नाही. जुन्या टू-व्हील ड्राइव्ह बग्ग्यांच्या पुढच्या चाकात हेक्स नसतोच. बेअरिंग रिमच्याच पोटात असतात आणि चाक न फिरणाऱ्या ॲक्सलभोवती फिरतं. आपल्या बैलगाडीची जात हीच. आस स्थिर, तुंबा तिच्याभोवती फिरतो, आणि कारागीर तुंब्यात मुद्दाम थोडी मोकळीक ठेवतो. या बग्गीच्या पुढच्या चाकालाही तशीच केसभर मोकळीक लागते, नट फार आवळला तर दाब बेअरिंगवर येऊन चाक जड होतं. हेक्सच्या गाडीत तो दाब पिनेवर अडतो, बेअरिंगपर्यंत जात नाही. नव्या पिढीच्या गाड्यांनी पुढेही १२ मिलिमीटरचा हेक्स घेतला. म्हणून एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांची पुढची चाकं एकमेकांना चालत नाहीत, मग फोटोत ती कितीही सारखी दिसोत.

दुसरी अडचण ऑफसेटची. हेक्स टेकतो ती जागा रिमच्या रुंदीत किती आत किंवा बाहेर आहे, यावर चाक गाडीपासून किती लांब उभं राहणार हे ठरतं. जाड हेक्स घातला तरी चाक बाहेर सरकतं. रुंद उभी राहिलेली गाडी कमी कलंडते, त्यामुळे बाहेर सरकवण्याचा मोह होतो. शर्यतीचे नियम एक दशांशच्या बग्गीला २५० मिलिमीटरपर्यंत आणि एक अष्टमांशच्या बग्गीला ३१० मिलिमीटरपर्यंत रुंदी देतात. पण नियम बाजूला ठेवले तरी निसर्गाचा हिशेब उरतोच. चाक जितकं बाहेर, तितका बाहेरच्या बेअरिंगवर भार जास्त, आणि पुढच्या चाकाला दगड लागला की स्टिअरिंग वळवणाऱ्या सर्व्हो मोटरला बसणारा हिसकाही मोठा. बोर्डीच्या वाळूवर रुंद चाकं शोभतात. उधव्याच्या बांधावर तीच चाकं सर्व्होचे दात खातात. उलट रिम फार आत आली, तर तिची कड नकलला (पुढचं चाक धरून वळवणाऱ्या भागाला) किंवा स्टिअरिंगच्या दांडीला घासते. हे गाडी सरळ उभी असताना कळत नाही. चाक पूर्ण वळवून, शॉक पूर्ण दाबून पाहावं लागतं.

बेअरिंगपाशी आलं की एका मिलिमीटरची किंमत कळते. तामियाच्या कितीतरी गाड्यांत ११ मिलिमीटर बाहेरचा आणि ५ मिलिमीटर आतला व्यास असलेलं बेअरिंग बसतं, छंदातले लोक त्याला ११५० म्हणूनच ओळखतात. शर्यतीच्या बऱ्याच इतर गाड्यांत ५ आणि १० चं. ॲक्सल दोन्हींत शिरतो, म्हणून फसायला होतं. दहाचं बेअरिंग अकराच्या हबमध्ये टेप गुंडाळून बसवलेलं मी पाहिलं आहे. दोन बेअरिंगमधलं अंतर ८ मिलिमीटर असेल, तर तिथला दशांश मिलिमीटरचा ढिलेपणा टायरच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरचा होतो. चाक डुलतं, आणि मग आपण विनाकारण शॉकचं तेल बदलत बसतो. किनाऱ्यासाठी रबरी झाकणाची बेअरिंग घ्यावीत. धातूच्या झाकणाची थोडी हलकी फिरतात, पण वाळू आत घेतात. समुद्रावरून आल्यावर चाकं काढून गोड्या पाण्याने धुणं, लगेच कोरडं करणं आणि थेंबभर तेल देणं एवढं त्याच संध्याकाळी केलंच पाहिजे. सकाळपर्यंत ठेवलं तर गंज कामाला लागलेला असतो.

आणि मग हब. इथे माझं मत बाजारापेक्षा वेगळं आहे. बाजार सांगतो, सगळं ॲल्युमिनियमचं करा: हब, नकल, नकलला धरणारा सी-हब, आर्म, सगळं निळं किंवा सोनेरी. चकाकतं छान. पण आदळण्याची शक्ती कुठेतरी जिरायला हवी. नायलॉनचा आर्म वाकतो आणि परत येतो. धातूचा आर्म वाकला की वाकलेलाच राहतो, नाहीतर तो मार पुढे ढकलून शॉक टॉवर किंवा चासीचे स्क्रू उपटतो. म्हणून धातू तिथेच, जिथे आकार तसूभरही बदलता कामा नये. मागच्या हबमध्ये बेअरिंगचं घर असतं. प्लॅस्टिकमध्ये ते घर उष्णतेने आणि माराने सैल होतं, ॲल्युमिनियममध्ये गोल राहतं. तिथे ७०७५ जातीचं ॲल्युमिनियम पैशांचं सोनं करतं. पुढच्या नकलला मी वाळूसाठी धातू आणि दगडासाठी नायलॉन म्हणेन. आर्म मात्र दोन्हीकडे प्लॅस्टिकचेच. नायलॉन ओलावा शोषून चिवट होतो, त्यामुळे नवा कोरडा नकल बसवण्याआधी काही वेळ गरम पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत खरी आहे. कोणता भाग मोडायचा हे आधीच ठरवून ठेवणं हीच या जोडातली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे. एक स्वस्त नकल मोडला आणि ॲक्सल, शाफ्ट, सर्व्हो वाचले, तर नकलने आपलं काम चोख केलं.

या मापांची कदर करणारे हात आपल्याकडे आहेत, म्हणून हा विषय मला परका वाटत नाही. चिंचणी, वरोर, डहाणू या पट्ट्यात सोन्याचांदीच्या दागिन्यांच्या डाय कोरण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. केसाएवढी रेघ चुकली तर पत्र्यावर नक्षी नीट उठत नाही, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला बेअरिंगच्या घरातला दशांश मिलिमीटर समजावून सांगावा लागत नाही. तलासरीहून वापीची औद्योगिक वसाहतही लांब नाही. हव्या त्या जाडीचे वायसर, चाक अर्धा मिलिमीटर बाहेर-आत करणारे स्पेसर तिथल्या लेथवर सहज निघतात. ॲक्सल मात्र तसा करून घेऊ नये. तो कडक केलेल्या पोलादाचा असतो. साध्या लोखंडाचा ॲक्सल दिसायला हुबेहूब होतो आणि पहिल्या बांधाला वाकतो.

तेव्हा नवी चाकं मागवण्याआधी एक व्हर्निअर कॅलिपर घ्या. हेक्सच्या सपाट बाजू, हेक्सची जाडी, बेअरिंगचे दोन्ही व्यास, रिमच्या आतल्या कडेपासून हेक्स टेकतो तिथपर्यंतचं अंतर आणि रिमचा व्यास, ही मापं वहीत लिहून ठेवा आणि दुकानदाराला गाडीच्या नावाऐवजी ती मापं सांगा. हातातला पैसा आधी बेअरिंगवर, मग हेक्सवर, मग मागच्या हबवर घाला. आणि बोर्डीला गाडी सोडायची असेल, तर ओहोटीची वेळ पाहून जा.