भय, स्पर्श आणि शांती : ‘स्मृतिचित्रे’मधील श्रद्धेचे स्वरूप

प्रस्तावना

मराठी आत्मचरित्रपर वाङ्मयात लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचे स्थान अढळ आहे. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची समीक्षा बहुधा निवेदनातील प्रांजळपणा, घरगुती बोलीचा गोडवा आणि निर्विष विनोद या तीन अंगांनी होत आली आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या चरित्राचे एक साधन म्हणूनही त्याकडे पाहिले जाते. मात्र भयाच्या प्रसंगी श्रद्धेमुळे मनुष्यास शांती लाभते, तेव्हा त्याच्या ठायी नेमके काय घडते, या प्रश्नाच्या दृष्टीने हा ग्रंथ क्वचितच वाचला गेला आहे. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

सोवळ्याच्या मुळाशी असलेले भय

ग्रंथाचा प्रारंभच भयाने होतो. १८५७ च्या उठावानंतरच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. या आघाताचा परिणाम लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर झाला आणि त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेले जिन्नस धुऊन घेण्यापर्यंत ते वाढले आणि सारे घर त्याच्या धाकाखाली वावरू लागले. लक्ष्मीबाई हे विनोदाच्या अंगाने सांगतात आणि वाचकही हसतो. तथापि त्या हास्याआड एक मर्मभेदी निरीक्षण आहे. येथे सोवळे हा केवळ आचारधर्म राहिलेला नाही. राज्यसत्तेने दिलेल्या धक्क्यातून उपजलेल्या भयाने आचाराचे रूप घेतले आहे. जे आवरता येत नाही त्यापासून सुटका नाही, म्हणून जे हाताने धुता येते ते पुन:पुन्हा धुवावयाचे. भय स्पर्शात जाऊन बसते, ते असे.

नागपूर आणि ख्रिस्ताकडे जाणाऱ्या दोन वाटा

टिळकांच्या जीवनातील निर्णायक वळणाचा संबंध नागपूरशी आहे. बुटी यांच्या आश्रयाने ते येथे वाङ्मयीन कार्य करीत होते व ‘ऋषि’ हे मासिक चालवीत होते. पुढे नागपूरहून राजनांदगावकडे जात असता रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती.

याच नागपुरात ख्रिस्ताकडे पाहण्याची आणखी एक रीत नांदते. धंतोलीतील रामकृष्ण मठ ज्या संघाचा आहे, त्या संघात नाताळची पूर्वसंध्या ख्रिस्तपूजनाने साजरी होते. १८८६ मध्ये आंटपूर येथे नरेंद्रनाथ व त्यांच्या गुरुबंधूंनी धुनीभोवती बसून संन्यासजीवनाचा संकल्प केला, ती रात्र नाताळच्या पूर्वसंध्येची होती, अशी त्यामागील स्मृती आहे. तेथे ख्रिस्तास वंदन करण्यासाठी कुणास घर, पंगत वा जात सोडावी लागत नाही. टिळकांनी निवडलेल्या वाटेवर मात्र हे सारे एका दिवसात तुटले. त्यांनी ती वाट स्वेच्छेने घेतली. लक्ष्मीबाईंच्या वाट्यास ती न विचारता आली. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्यांना माहेरच्या माणसांच्या आश्रयाने काढावी लागली. त्यामुळे पतीला शांती देणारी श्रद्धाच पत्नीच्या भयाचे कारण झाली, ही या ग्रंथातील मूळ विसंगती होय. ख्रिस्ती श्रद्धेच्या कोणत्याही भाविक विवेचनात ती डावलून चालणार नाही.

वेगळ्या चुलीपासून प्लेगपर्यंत

पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी आरंभी चूल आणि पाणी वेगळेच ठेवले. वडिलांच्या घरातील स्पर्शभय त्यांच्या सोबतीस होते. पुढे राहुरीच्या वास्तव्यात जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वत:शीच निवाडा केला. तो माणसाने केला, असे मनाशी ठरताच कुणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याची त्यांची तयारी झाली. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्पर्शाचे भय गळाले आणि मग, १९०० मध्ये, बाप्तिस्मा झाला. सिद्धान्ताच्या स्वीकारातून शांती उद्भवली असे लक्ष्मीबाई सांगत नाहीत. भयाची एक गाठ सुटली आणि श्रद्धेस जागा झाली, असे त्यांच्या कथनावरून दिसते.

या परिवर्तनाची कसोटी प्लेगने घेतली. १८९६ मध्ये मुंबईत अवतरलेली ही साथ दख्खनभर पसरली. १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये झालेल्या घरझडत्या आणि विलगीकरण छावण्या यांनी लोक रोगाइतकेच धास्तावले. अहमदनगरच्या वास्तव्यात लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली. वडिलांना वाटणारे स्पर्शाचे भय कल्पित होते. प्लेगच्या छावणीतील धोका खरा होता. कल्पित विटाळाच्या धाकात वाढलेली मुलगी खऱ्या संसर्गाच्या ठिकाणी रुग्णास हात लावते, हा या ग्रंथाचा आंतरिक प्रवास होय. येथे शांती म्हणजे संकटापासून संरक्षणाची हमी नव्हे. आपण वाचू, असे लक्ष्मीबाईंची श्रद्धा सांगत नाही. हात मागे घ्यावा लागू नये, इतकेच बळ ती देते.

काही आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सेवेचे हे धैर्य ख्रिस्ती श्रद्धेचीच मक्तेदारी नव्हे. तो मान्य करावयास हवा. पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करीत असता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्यांच्या धैर्याचे अधिष्ठान सत्यशोधक विचारात होते. ‘स्मृतिचित्रे’चे मोल म्हणून श्रेष्ठत्वाच्या दाव्यात शोधू नये. एका विशिष्ट श्रद्धेने एका विशिष्ट व्यक्तीचे भय कसे फेडले, याचा तपशील तेथे मिळतो, हे त्याचे मोल होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घडून गेलेल्या प्रसंगांनंतर तीन-चार दशकांनी हे लेखन झाले. तेव्हा जाणवणारी शांती ही त्या क्षणाची की वार्धक्यातील निवेदिकेची? हा प्रश्न पुरता सुटणारा नाही. तथापि लक्ष्मीबाई आपले भय लपवीत नाहीत, आपल्या वेगळ्या चुलीची कथा स्वत:च्या फजितीसह सांगतात आणि टिळकांच्या तापटपणासही सूट देत नाहीत. भयाची कबुली देऊ शकणारे निवेदन हेच त्या शांतीचे विश्वसनीय प्रमाण ठरते. त्यांचा विनोद अलंकार म्हणून येत नाही. भयाचा धाक ओसरल्यानंतर भाषेस आलेला तो मोकळेपणा आहे.

समारोप

१८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये कोविडच्या साथीत पुन्हा उपयोगात आला. भाजी-किराणा धुऊन घरात घेण्याचा अनुभव तेव्हा घरोघरी आला आणि लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे चित्र एकाएकी दूरचे राहिले नाही. त्या काळातील सावधगिरी आवश्यक होती. परंतु साथ ओसरल्यावरही शेजाऱ्याकडे संशयाने पाहण्याची सवय मागे उरली, तर ती सावधगिरी राहत नाही. रोगाचे भय आणि माणसाचे भय यांतील सीमारेषा ओळखण्यास ‘स्मृतिचित्रे’ साहाय्य करते. भयाच्या काळात लाभणारी शांती एकांतात मिटलेल्या डोळ्यांपेक्षा दुसऱ्याकडे पुढे झालेल्या हातात अधिक निश्चितपणे ओळखता येते, हे या ग्रंथाचे सांगणे आहे.