ओसरीवरचा पाहुणा

आपल्या वाङ्मयाचे इतिहासकार कवी मोजतात, कादंबरीकार मोजतात. पुस्तक छापून विकणाऱ्याला मात्र ओसरीवरच बसवतात. इंग्रजांचे तसे नाही. रॉबर्ट डॉड्स्ली हा एके काळी घरगडी. पुढे लंडनात पुस्तकविक्रेता झाला, आणि डॉ. जॉन्सनला कोशाची कल्पना त्यानेच सुचविली. १७५५ साली निघालेल्या त्या कोशाच्या कथेत त्याचेही नाव येते.

आमचे डॉड्स्ली म्हणजे जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२). गरिबाघरचा हा मुलगा मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासता घासता अक्षर पारखू लागला. १८६४ साली स्वतःचा टाइपांचा कारखाना, १८६९ साली ‘निर्णयसागर’. राणोजी रावजी आरूंनी कोरलेले ते वळण, वाचकहो, एकदा पाहाच: काना ताठ, जोडाक्षर दाटीतही सुटे. हे कौतुक हौशीचे नव्हे. भोर-वेल्ह्याकडच्या शाळेत मी शिकवतो. पोर ‘क्ष’शी अडखळले की आधी त्याचा कान धरीत नाही, पुस्तकाची छपाई पाहतो. निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो.

एक तक्रार आहे, आणि ती कादंबरी लिहिणाऱ्याची. जावजींचा ओढा जुन्याकडे. पंचांगे, पोथ्या, १८८६ पासून संस्कृत ‘काव्यमाला’. इतका देखणा खिळा नव्या मराठी गद्याच्या वाट्याला फार थोडा आला. पण १८८१ साली मुलांसाठी ‘बालबोध’ मासिक काढून ते विनायक कोंडदेव ओकांच्या हाती देणारेही जावजीच. तेव्हा माझी तक्रार अर्धीच उरते.