पृथ्वीत्यागाच्या कथा आणि प्रवाशांची यादी

विज्ञानकथेच्या विस्तीर्ण प्रांतात ज्या मोजक्या कथाकल्पनांनी शंभराहून अधिक वर्षे आपला अंमल टिकवून धरला आहे, त्यांत विनाशोन्मुख ग्रह सोडून दुसऱ्या ग्रहावर बिऱ्हाड हलविण्याची कल्पना अग्रगण्य मानावी लागेल. तिच्या या दीर्घायुष्याचे कारण तिच्या भव्यतेत शोधण्यात अर्थ नाही. भव्यता या वाङ्मयप्रकारात इतकी स्वस्त झाली आहे, की दोन-चार तारे विझविल्याखेरीज वाचकाची भुवईही उंचावत नाही. खरे कारण असे, की या कल्पनेचा स्वीकार करताक्षणीच लेखकापुढे दोन दस्तऐवज येऊन पडतात: यानात कोणाकोणास घ्यावयाचे याची यादी, आणि जेथे उतरावयाचे त्या भूमीच्या मालकीचा दाखला. बहुसंख्य लेखक या दोहोंवर घाईघाईने सही ठोकून यंत्रसामग्रीच्या वर्णनाकडे वळतात. ज्यांचा हात सही करताना अडखळला, त्यांचेच लेखन पुन्हा हाती घ्यावेसे वाटते, असे माझे स्पष्ट मत आहे.

फिलिप वायली आणि एडविन बाल्मर यांची ‘व्हेन वर्ल्ड्स कोलाइड’ ही 1933 सालची कादंबरी या संप्रदायाची मूळ गादी म्हणता येईल. अवकाशातून भरकटत आलेल्या दोन ग्रहांपैकी एक पृथ्वीला चिरडणार आणि दुसरा सूर्याभोवती स्थिरावून उतरण्याजोगा होणार, ही योजना विधात्याने जणू कादंबरीकारांच्या सोयीसाठीच केलेली आहे. शास्त्रज्ञांची एक मंडळी निवडक माणसे गोळा करून यान बांधते. यादीबाहेर राहिलेला भुकेला जमाव त्या तळावर चालून येतो, तेव्हा यान थोडे वर उचलले जाते आणि त्याच्या आगीच्या झोताखाली तो जमाव भस्मसात होतो. जे इंजिन तारक म्हणून बांधले त्याचा पहिला उपयोग मागे राहणाऱ्यांना जाळण्यासाठी व्हावा, ही घटना खरे तर एखाद्या थोर शोकात्मिकेच्या केंद्रस्थानी शोभली असती. पण लेखकद्वय ती एका संकटाचा समाधानकारक बंदोबस्त म्हणून सांगते आणि पुढे जाते. 1934 साली आलेल्या उत्तरभागात, ‘आफ्टर वर्ल्ड्स कोलाइड’मध्ये, नव्या ग्रहावर पूर्वीच्या रहिवाशांची सुस्थितीतील नगरे सापडतात आणि ते रहिवासी मात्र केव्हाच नामशेष झालेले असतात. घर शाबूत आणि घरमालक बेपत्ता, यापरता सोईस्कर वारसा कोणाला मिळाला असेल?

जॉर्ज पाल यांनी निर्मिलेल्या आणि रुडॉल्फ माटे यांनी दिग्दर्शिलेल्या 1951 च्या चित्रपटाला दृश्यचमत्कृतीसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते. तथापि स्मरणात राहते ते जलप्रलयाचे दृश्य नव्हे. चाकांच्या खुर्चीला जखडलेला एक धनाढ्य, ज्याच्या पैशावर हे यान उभे राहिले, तो आपली जागा विकत घेतल्याच्या खात्रीने अखेरपर्यंत वाट पाहतो. आणि वृद्ध शास्त्रज्ञ वजन वाचविण्यासाठी स्वतः मागे राहताना त्याची खुर्चीही धरून ठेवतो. यान सुटू लागते तेव्हा तो पंगू मनुष्य जीवाच्या आकांताने उभा राहून त्याच्या दिशेने पावले टाकू लागतो. चित्रपटाच्या हिशेबी ही खलपुरुषाची फजिती आहे. परंतु त्या चार-सहा पावलांत जगण्याची जी आदिम ओढ प्रकट होते, तिच्यापुढे यानातील गोऱ्यागोमट्या तरुण-तरुणींचे सद्गुण निस्तेज वाटतात. पुढे यानाचे दार उघडते ते चक्क एका रंगविलेल्या देखाव्यावर. त्यात दूरवर कोणीतरी बांधल्यासारख्या आकृती दिसतात. त्या कोणाच्या, हे विचारण्याची सवड कोणालाही नसते.

मौज अशी, की ज्या प्रश्नास या मंडळींनी बगल दिली तो त्यांच्याआधी पस्तीस वर्षे एच. जी. वेल्सने उलट्या बाजूने मांडून ठेवला होता. 1898 च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मरणपंथाला लागलेला ग्रह मंगळ आहे, नव्या घराच्या शोधात निघालेले मंगळवासी आहेत, आणि ‘रिकामा मुलूख’ म्हणजे इंग्लंडचा सरे परगणा. पहिल्याच प्रकरणात वेल्स आपल्या देशबांधवांना टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण करून देतो: युरोपीय वसाहतवाल्यांनी त्यांचा पन्नास वर्षांत उच्छेद केला, तेव्हा मंगळवासीयांविरुद्ध तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची? ओलाफ स्टेपल्डनने 1930 मध्ये ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ लिहिताना हीच जखम मानवाच्या अंगावर वळविली. चंद्र पृथ्वीवर कोसळणार हे कळल्यावर त्याचे ‘पाचवे मानव’, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मानवजातींपैकी पाचवी, शुक्राचे समुद्र बदलून तो वस्तीयोग्य करू लागतात, आणि त्या समुद्रांत बुद्धिमान जीव राहतात हे उमगल्यावरही काम न थांबवता त्यांचा संहार करतात. स्टेपल्डनची शैली एखाद्या कोरड्या अहवालासारखी आहे. लाखो वर्षांचा काळ तो एका परिच्छेदात उरकतो, पण या पातकाची नोंद मात्र गाळत नाही. आणि ते पातक त्या मानवजातीच्या मनाला पुढे पोखरत राहिलेले दाखवितो.

प्रवास हाच ज्यांचा विषय, त्या कथांचा एक स्वतंत्र पंथ आहे. पिढ्यान्पिढ्या यानातच जन्मून यानालाच विश्व समजणाऱ्या माणसांची कथा रॉबर्ट हाइनलाइनने 1941 मध्ये ‘युनिव्हर्स’मध्ये रूढ केली आणि तिची नक्कल पुढे अतोनात झाली. या पंथातील सर्वश्रेष्ठ कृती मात्र कादंबरी नाही, आणि तिचा कर्ता विज्ञानकथाकार म्हणून ओळखलाही जात नाही. स्वीडिश कवी हॅरी मार्टिन्सनचे ‘अनिआरा’ हे 103 सर्गांचे काव्य 1956 मध्ये प्रसिद्ध झाले. किरणोत्साराने नासलेल्या पृथ्वीवरून आठ हजार निर्वासितांना मंगळाकडे नेणारे हे यान एका लघुग्रहाला चुकविताना मार्गभ्रष्ट होते आणि वीणा तारकासमूहाच्या दिशेने, जेथे कोणतेही घर नाही तेथे, कायमचे निघून जाते. यानावर ‘मीमा’ नावाचे एक यंत्र आहे. ते दूरदूरची दृश्ये पकडून प्रवाशांना दाखविते, आणि त्या दृश्यांच्या आधारावरच ते तगून असतात. पृथ्वीवरील त्यांच्या नगराचा अंत मीमाला दिसतो, तेव्हा ते यंत्रच दुःखाने भंग पावते. सोडून आलेल्या घराचा शोक यंत्राला सोसवत नाही आणि माणसांना तो सोसून जगावे लागते, ही कल्पना ज्याला सुचली, त्याने हा सारा वाङ्मयप्रकार एका बाजूने पूर्ण केला असेच म्हटले पाहिजे. 1974 चे नोबेल पारितोषिक मार्टिन्सनला विभागून मिळाले.

अलीकडच्या काळात उत्साह वाढला आहे. सूर्यमालेबाहेर हजारो ग्रह सापडल्यामुळे नव्या घरांची जणू जमाबंदीच हाती आल्यासारखे वाटते. पण सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, 4.24 प्रकाशवर्षे दूर आहे, आणि 1977 मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर-1 च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर गतीने, तेवढे अंतर कापण्यास जवळजवळ 75,000 वर्षे लागतील. हा हिशेब गंभीरपणे घेणाऱ्या किम स्टॅन्ली रॉबिन्सनने 2015 च्या ‘ऑरोरा’त टाउ सेटीच्या परिसरात पोचलेल्या वसाहतवाल्यांना एका अतिसूक्ष्म रोगकारकाकडून पराभूत केले आणि त्यांतील काहींना यान वळवून परत पृथ्वीकडे आणले. यानात जन्मलेल्या मुलांनी या प्रवासास संमती केव्हा दिली होती, हा त्याचा सवाल बिनतोड आहे. मात्र तो सवाल इतक्या वेळा, इतक्या मुखांतून येतो, की कादंबरीचे मधूनमधून कैफियतीत रूपांतर होते. चिनी लेखक लिउ त्सिशिन यांनी 2000 सालच्या ‘भटक्या पृथ्वी’च्या कथेत यादीचाच निकाल लावला: सूर्याचा स्फोट होणार म्हणून सर्वांना न्यावयाचे तर पृथ्वीलाच इंजिने जोडून न्यावे. तरीही यादी मागच्या दाराने शिरतेच. भूमिगत नगरात लाव्हा घुसतो तेव्हा आधी तरुण आणि मग वृद्ध असा क्रम लागतो, आणि निवेदकाची आई मागे राहते. पुढे सूर्य मुळी बिघडलेलाच नाही अशी समजूत झालेला जमाव शेवटच्या पाच हजार निष्ठावंतांना गोठलेल्या समुद्रावर थंडीने मारतो, आणि त्यानंतर सूर्याचा स्फोट होतो. तिच्यावरील 2019 च्या खर्चिक चित्रपटाने नेमका हाच प्रसंग वगळला, यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही.

मराठी विज्ञानकथेने या वाटेने जाण्याचे बहुतांशी टाळले. जयंत नारळीकरांच्या कथांत पृथ्वीवर संकटे येतात, पण पृथ्वी रिकामी केली जात नाही: हिमयुग उतरून मुंबईवर बर्फ पडला तर थुंब्याहून रॉकेटे सोडून वातावरणाची डागडुजी होते, धूमकेतू अंगावर येऊ लागला तर स्फोटके पाठवून त्याला वळविले जाते, आणि इकडे घरात यज्ञ चालू असतो. विज्ञाननिष्ठ शिक्षकाचा हा आशावाद आदरणीय आहे. परंतु त्यापायी निघून जाण्याच्या यातनेचा एक सबंध प्रांत आमच्या विज्ञानकथाकारांनी पडीक ठेवला, हेही नमूद केले पाहिजे. आणि तो आमच्या अनुभवाबाहेरचा होता असे नाही. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ ही 1991 ची कादंबरी धरणग्रस्तांची आहे. तिच्यात ना तारा आहे ना यान, परंतु बुडणारे गाव आहे, सरकारी नोंदी आहेत, आणि पुनर्वसनाच्या कागदावर हक्काची म्हणून लिहिलेली जमीन प्रत्यक्ष कोणाच्या कब्जात असते याचे इतके सविस्तर ज्ञान आहे, की वायली आणि बाल्मर यांना ते हयातभर मिळाले नसते.