सांस्कृतिक जाण कोणत्या मापाने मोजायची?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तुळईवरचा भार काढता येतो की नाही, हे परीक्षेत कळते. परंतु ज्या लोकांसाठी तो पूल, पंप किंवा यंत्र तयार करणार, त्यांची राहणी, सवयी आणि अडचणी त्याला समजतात का, हे कसे तपासायचे? या गुणाला आपण 'सांस्कृतिक जाण' म्हणू. अमेरिकेत अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या 'ॲबेट' या संस्थेने २०१९-२० पासून लागू केलेल्या निकषांत, रचना करताना सांस्कृतिक व सामाजिक घटक विचारात घेता येणे ही आवश्यक क्षमता मानली आहे. भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्या वेळी आपल्या राष्ट्रीय मान्यता मंडळाने ठरवलेल्या १२ क्षमतांमध्येही सांस्कृतिक प्रश्नांचा उल्लेख होता. निकष आला की मोजमाप आलेच. ते आज ज्या रीतीने होते, तिच्याविषयी आमचे काही आक्षेप आहेत.

सर्वांत प्रचलित रीत प्रश्नावलीची आहे. उदाहरणार्थ, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'सांस्कृतिक बुद्धिमत्ता' श्रेणीत २० विधाने आहेत. परक्या संस्कृतीतील लोकांत मिसळायला मला आवडते, अशा धर्तीची ही विधाने असतात. ती आपल्याला कितपत लागू पडतात, हे विद्यार्थ्याने १ ते ७ यांपैकी एक अंक देऊन सांगायचे. प्रश्नावली स्वस्त असते, शंभर मुलांची तपासणी तासाभरात होते आणि शेवटी एक आकडा हाती येतो. तिच्या लोकप्रियतेचे कारण एवढे साधे आहे.

पण हा आकडा नेमका कशाचा? विद्यार्थ्याला स्वतःविषयी जे वाटते, त्याचा. पोहता येते का, हे आपण मुलाला विचारून ठरवत नाही. पाण्यात उतरवून पाहतो. शिवाय येथे एक गंमतीची अडचण आहे. गावाबाहेर कधी न पडलेला मुलगा प्रामाणिकपणे स्वतःला ६ गुण देईल. तोच मुलगा सहा महिने परमुलुखात काम करून आला की आपल्याला किती कमी समजत होते हे त्याला उमगते, आणि तो स्वतःला ४ गुण देतो. म्हणजे समज वाढली आणि गुण घटले! मोजपट्टीच मोजणीदरम्यान आखडली, तर दोन मापांच्या वजाबाकीला अर्थ उरत नाही.

ही अडचण तज्ज्ञांना ठाऊक नाही असे मुळीच नाही. मिल्टन बेनेट यांनी १९८६ साली मांडलेल्या सहा पायऱ्यांच्या सिद्धांतावर एक प्रश्नावली आधारलेली आहे. भेद नाकारण्यापासून ते भेद आत्मसात करण्यापर्यंतच्या या पायऱ्या आहेत. ही प्रश्नावली विद्यार्थी स्वतःला कोणत्या पायरीवर समजतो आणि उत्तरांवरून तो प्रत्यक्षात कोठे दिसतो, हे वेगवेगळे दाखवते. ही सुधारणा मोलाची आहे. तरीही उत्तरे विधानांनाच द्यायची असतात, आणि त्या विधानांत अभियांत्रिकी कोठेच नसते. परदेशी पाहुण्याशी उत्तम वागणारा विद्यार्थी पंपही उत्तम बनवील, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. या प्रश्नावल्यांत संस्कृती म्हणजे परक्या लोकांशी संवाद. अभियंत्याच्या कामात मात्र संस्कृती म्हणजे माणसे त्या वस्तूसह कशी जगतात, हे. आपल्याकडच्या हातपंपाचेच पाहा. खेड्यांतील विंधनविहिरींवर सुरुवातीला बिडाचे पंप बसवले गेले. त्यांची रचना युरोप-अमेरिकेतील एका कुटुंबाच्या वापराच्या पंपांवरून घेतलेली होती. येथे मात्र सबंध वस्ती त्यावर दिवसभर पाणी भरू लागली. १९७४ च्या सुमारास युनिसेफने केलेल्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या पोलादी पंपांनी यावर मार्ग दाखवला, आणि सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन 'इंडिया मार्क-२' घडला. तो दणकट होता. पण जमिनीखालचा भाग बिघडला की सगळे नळ वर काढावे लागत आणि त्यासाठी बाहेरून पथक यावे लागे. दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न पुढे 'मार्क-३' मध्ये विचारात घेतला गेला. त्यात नळ न काढता दट्ट्या वर घेता येतो. बिडाच्या पंपाचे गणित चुकले नव्हते. वापरणारे किती आणि दुरुस्त करणारे कोण, हे विचारायचे राहून गेले होते.

तेव्हा मोजायचे ते हे विचारणेच. तसा प्रयत्न झालेलाही आहे. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या महापुराच्या संदर्भात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न देण्यात आला: पूर अडवणारी भिंत बांधायची असल्यास कोणकोणत्या गोष्टी विचारात घ्याल? उत्तरांतील प्रत्येक मुद्दा भिंतीविषयी आहे, पाण्याविषयी आहे, काठाविषयी आहे की भोवतालच्या परिसराविषयी. तो तांत्रिक आहे की सामाजिक, अशी वर्गवारी केली गेली. येथे विद्यार्थी स्वतःची स्तुती करू शकत नाही. त्याची नजर भिंतीपाशी थांबते की काठावरच्या माणसांपर्यंत पोहोचते, हे कागदावर उमटते.

या पद्धतीतही उणिवा आहेत. तपासायला वेळ लागतो, दोन परीक्षकांचे एकमत व्हावे लागते, आणि मुद्दा सुचणे म्हणजे तो अमलात आणणे नव्हे. पण ती निदान योग्य वस्तू मोजते. जवळची वस्तू अचूक मोजण्यापेक्षा हवी ती वस्तू ढोबळमानाने मोजलेली बरी.

हा प्रयोग करायला अभियांत्रिकी महाविद्यालयच हवे असे नाही. नववीच्या वर्गाला विचारा: आपल्या गावाच्या नळकोंडाळ्याची जागा बदलायची आहे, तुम्ही काय काय पाहाल? पंधरा मिनिटे द्या. मग मुद्द्यांचे दोन गट करा: नळ, उतार, दाब हा एक; पाणी कोण भरते, केव्हा भरते, तेथे कोणाला यायला अडचण वाटते, हा दुसरा. वर्षअखेरीस असाच, पण वेगळ्या वस्तूविषयीचा प्रश्न द्या. दुसरा गट वाढला, तर आपल्या शिकवण्यातून काही साधले असे समजायला हरकत नाही.